टीसीजी (ट्रेडिंग कार्ड गेम) टूर्नामेंटमध्ये चूक झाली की जजने काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

नवीन जज टेबलावर पोचतो, दोन मिनिटं ऐकून घेतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "ओके, तुला वॉर्निंग." मग आठवतं की अरे कार्डं अजून चुकीच्या जागीच पडलीत, मग ती नीट करायला जातो, तेवढ्यात कळतं की चूक मुळात दुसऱ्याच खेळाडूची होती. आता दिलेली वॉर्निंग मागे घ्यायची, दोघांची माफी मागायची, आणि बाजूचं टेबल पण खेळ थांबवून बघत बसलंय. नियम माहीत नसतात म्हणून हे होतं असं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा क्रम उलटा झालेला असतो. पेनल्टी ही जवळजवळ शेवटची गोष्ट आहे आणि लोक तिथूनच सुरुवात करतात.

खाली सगळं मॅजिक: द गॅदरिंग धरून लिहिलंय कारण तिथलं पेनल्टीचं पॉलिसी डॉक्युमेंट फार तपशीलवार आहे. पोकेमॉन किंवा यू-गी-ओह मध्ये पेनल्टीची नावं आणि फिक्स, म्हणजे चूक दुरुस्त करायच्या पद्धती, वेगळे (पोकेमॉनमध्ये प्राइज कार्डची पेनल्टी असते जी मॅजिकमध्ये असूच शकत नाही), पण टेबलावर कामाचा क्रम जवळपास हाच चालतो.

## १. टूर्नामेंटच्या आधीची तयारी

तीन डॉक्युमेंट, आणि तिघांचं काम वेगळं. कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स सांगतात खेळ कसा चालतो. मॅजिक टूर्नामेंट रूल्स, म्हणजे एमटीआर, सांगतात टूर्नामेंट कशी चालते, वेळ किती, डेकलिस्ट कशी, खेळाडूंनी एकमेकांना काय सांगायचं आणि काय नाही सांगितलं तरी चालतं. आणि इन्फ्रॅक्शन प्रोसीजर गाइड, म्हणजे आयपीजी, सांगते की चूक झाल्यावर काय करायचं. नवीन लोक पहिलं डॉक्युमेंट घोटून येतात आणि तिसरं वरवर चाळतात. खरं तर टेबलावर अडकायला होतं ते तिसऱ्यात, कारण कार्डाचा रूल फोनवर बघता येतो पण खेळ किती मागे न्यायचा हे बघायला उभ्याउभ्या वेळ मिळत नाही.

आयपीजी अधूनमधून बदलते. जुनी पीडीएफ फोनमध्ये ठेवून त्यावर विसंबू नका, इव्हेंटच्या आधी ताजी उतरवून घ्या.

मग हेड जजला एक प्रश्न विचारायचाच, आजची रूल्स एन्फोर्समेंट लेव्हल, म्हणजे नियम किती कडकपणे लावायचे ती पातळी, कुठली? रेग्युलर असेल (फ्रायडे नाइट मॅजिक, प्रीरिलीज वगैरे) तर आयपीजी लागूच होत नाही. तिथे जजिंग ॲट रेग्युलर नावाचं छोटं डॉक्युमेंट आहे, चूक दुरुस्त करा, समजावून सांगा, पुढे चला, एवढाच त्याचा रोख. कॉम्पिटिटिव्ह आणि प्रोफेशनलला मात्र आयपीजी पूर्ण लागू. रेग्युलरला येऊन कॉम्पिटिटिव्हसारखी गेम लॉस (चालू गेम हरल्याची पेनल्टी) देत सुटणारा जज लोकांना घरी पाठवतो, आणि ती लोकं परत येत नाहीत.

जवळ काय असावं: पेन, छोटी वही, हातावर घड्याळ, आणि कार्डांचा सध्याचा अधिकृत मजकूर बघता येईल असा चार्ज केलेला फोन. कार्डावर छापलेलं आणि सध्याचं अधिकृत वाक्य वेगळं असू शकतं, विशेषतः जुन्या कार्डांवर.

तपासा: आजचा हेड जज कोण, बॅकअपची (खेळ मागे नेण्याची) परवानगी फक्त त्याच्याकडून घ्यायची की त्याने आणखी कोणाला अधिकार दिलाय, आणि पेनल्टी कुठे नोंदवायच्या. ह्या तीन गोष्टी पहिल्या राउंडच्या आधी माहीत हव्यात.

## २. टेबलावर पोचल्यावरची पहिली तीस सेकंदं

घड्याळ बघा आणि राउंडचे किती मिनिट उरलेत ते वहीत लिहा. आधी वेळ, मग बोलणं. हे विसरलं की शेवटी टाइम एक्स्टेंशन अंदाजाने द्यावं लागतं आणि मग दोघांपैकी एक जण हमखास कुरकुरतो.

मग सांगा, "खेळ थांबवा, कार्डं आहेत तशीच राहू द्या." हे मुद्दाम स्पष्ट बोलावं लागतं कारण खेळाडू मदत म्हणून स्वतःच कार्डं परत सरकवायला लागतात, आणि एकदा का नवीन काढलेली कार्डं हातातल्या बाकी कार्डांत मिसळली की तुमचे निम्मे पर्याय गेले. कोणाच्या हातात कार्डं वेगळी धरलेली असतील तर ती तशीच टेबलावर उपडी ठेवायला लावा.

सावधान: कॉम्पिटिटिव्हला जज चूक होण्याआधी अडवत नाही. शेजारून जाताना दिसलं की खेळाडू आता चुकणार आहे तरी तोंड उघडायचं नाही, चूक होऊन गेल्यावर मात्र लगेच आत शिरायचं. सुटलेल्या ट्रिगरचं, म्हणजे आपोआप व्हायची पण विसरली गेलेली गोष्ट, हे प्रकरण अजून वेगळं आहे, ते पुढे येतं.

## ३. आधी काय घडलं ते, मत नंतर

ज्याने हाक मारली त्याला आधी बोलू द्या. दुसरा मधे बोलायला लागला तर हात वर करून शांतपणे, "तुमचं पण पूर्ण ऐकतो, एक मिनिट." आणि मग खरंच त्याचं पूर्ण ऐका. बऱ्याच जजना पहिल्याचं ऐकूनच उत्तर सुचतं आणि दुसऱ्याचं ते फक्त औपचारिकता म्हणून ऐकतात. समोरच्याला ते दिसतं.

प्रश्न उघडे ठेवा. "तू दोनच लँड टॅप केल्यास ना?" (लँड म्हणजे माना, म्हणजे स्पेल टाकायची ऊर्जा, देणारं कार्ड, आणि टॅप म्हणजे ते वापरून आडवं करणं) असं विचारलं की उत्तर तुम्हीच दिलंत. "हा स्पेल कसा कास्ट केला ते दाखवता का?" असं विचारलं की खेळाडू स्वतः लँडवर बोट ठेवत जातो आणि अर्ध्या वेळेला चूक त्याची त्यालाच दिसते.

तोंडी सांगण्यापेक्षा टेबलावरचा पुरावा जास्त कामाचा. ग्रेव्हयार्डमधल्या (वापरून झालेल्या) कार्डांचा क्रम, टॅप झालेल्या लँड, दोघांच्या लाइफ टोटलच्या नोंदी (कागदावर लिहिणाऱ्या खेळाडूला मनातल्या मनात थँक्यू म्हणा, तिथे पूर्ण गेमचा इतिहास असतो), हातात किती कार्डं असायला हवीत आणि किती आहेत. कार्डं मोजणं तर अगदी सोपं आणि तरी लोक विसरतात: सुरुवातीचा हात, मुलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) झाले का, कोण आधी खेळला, किती टर्न झाले, किती लँड आणि स्पेल खेळले गेले. बेरीज वजाबाकी जुळली नाही की तिथेच थांबा.

खेळाडूने टेबलापासून दूर बोलायचं म्हटलं तर जा. बरेचदा त्याच्या हातातल्या कार्डाबद्दल प्रश्न असतो आणि समोरच्यासमोर तो विचारता येत नाही. अशा वेळी दुसरा जज टेबलावर उभा करा.

तपासा: पुढे जायच्या आधी घडलेला प्रकार तुमच्या शब्दांत दोघांना परत सांगा आणि विचारा, "बरोबर?" दोघांनी हो म्हटलं की मगच पुढची पायरी.

## ४. चूक नक्की कुठली, हे ओळखणं

खरी मेहनत इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

खेळताना होणाऱ्या चुकांचे जास्त भेटणारे प्रकार असे: मिस्ड ट्रिगर, म्हणजे आपोआप होणारी गोष्ट विसरणं. लुकिंग ॲट एक्स्ट्रा कार्ड्स, बघायचा हक्क नसलेलं कार्ड दिसणं, जसं समोरच्याचा डेक शफल करताना एखादं कार्ड उलटं पडणं. हिडन कार्ड एरर, म्हणजे झाकलेल्या कार्डांत अशी चूक की जी समोर दिसणाऱ्या माहितीवरून दुरुस्त करताच येत नाही. गेम रूल व्हायोलेशन, बाकी जवळजवळ सगळं. आणि फेल्युअर टू मेंटेन गेम स्टेट, म्हणजे चूक समोरच्याची, पण ती लक्षात यायला पुरेसा वेळ असूनही तुम्ही काही बोलला नाहीत.

एक उदाहरण तीन प्रकारे घेऊ. कार्ड डिव्हिनेशन, किंमत तीन माना त्यातला एक निळा, काम एकच, दोन कार्डं काढा.

प्रकार एक. खेळाडूने तीन लँड बरोबर टॅप केल्या पण कार्डं तीन काढली. हातात सात होती त्यात ती मिसळली. तिसरं कार्ड कुठलं हे आता कोणालाच सांगता येणार नाही, दिसणाऱ्या माहितीवरून तर नाहीच. हिडन कार्ड एरर.

प्रकार दोन. खेळाडूने दोनच लँड टॅप केल्या, डिव्हिनेशन टाकलं आणि बरोबर दोन कार्डं काढली. इथे पण हातात नको असलेली कार्डं आलीत म्हणून लोक पटकन हिडन कार्ड एरर म्हणून मोकळे होतात. चूक. मूळ गडबड कार्डं काढण्याच्या आधीच, सगळ्यांच्या डोळ्यासमोर झाली. किंमत कमी भरली हे दोघांना दिसत होतं, थांबवता आलं असतं. गेम रूल व्हायोलेशन.

प्रकार तीन. डिव्हिनेशन टाकलं, किंमत बरोबर, पण कार्ड एकच काढलं. हातात कमी आलंय, जास्त नाही. गेम रूल व्हायोलेशन, आणि दुरुस्ती अगदी सोपी, ती सातव्या पायरीत येते.

तिन्हीत शोधायचं एकच असतं, सगळ्यात पहिली चुकीची कृती कुठली आणि तेव्हा ती दिसत होती का. मूळ कारण एकच असेल आणि त्यातून दोन-तीन चुका निघाल्या असतील तर प्रत्येकीची वेगळी पेनल्टी नाही द्यायची, त्यातली सगळ्यात कडक एकच.

कधी चूक दोघांची असते. पाथ टू एक्झाइल टाकलं, समोरच्याने आपला क्रीचर सवयीने ग्रेव्हयार्डमध्ये टाकला. तो तर एक्झाइलमध्ये, म्हणजे खेळाबाहेर, जायला हवा. क्रीचर ज्याचा त्याने हलवला, पण इफेक्ट ज्याचा त्याने तो नीट पूर्ण होतोय की नाही हे बघायचं होतं. इथे दोघांनाही गेम रूल व्हायोलेशन. फक्त हलवणाऱ्याला धरलं तर अर्धंच काम झालं.

मिस्ड ट्रिगरबद्दल थोडं, कारण नवीन जज सगळ्यात जास्त इथे घसरतात. समोरच्याचा ट्रिगर आठवण करून द्यायची तुमच्यावर जबाबदारी नाही, त्यामुळे त्याबद्दल फेल्युअर टू मेंटेन गेम स्टेट कधीच लागत नाही. ट्रिगर ज्याचा त्याचं भलं करणारा असेल आणि तो विसरला तर पेनल्टीच नाही, आणि जजने स्वतःहून जाऊन सांगायचंही नाही. ट्रिगर साधारणपणे स्वतःचंच नुकसान करणारा असेल (दर अपकीपला, म्हणजे टर्नच्या सुरुवातीला, आपलंच लाइफ कमी होतं अशातला) तर वॉर्निंग, आणि तिथे जज स्वतःहून मधे पडतो. नुकसानीचा की फायद्याचा हे त्या क्षणाच्या टेबलावरून नाही ठरवायचं, ट्रिगर एरवी कसा धरला जातो त्यावरून ठरतं. सुटलेला ट्रिगर वेळेत लक्षात आला तर तो आता स्टॅकवर (पूर्ण व्हायच्या रांगेत) टाकायचा की नाही हे समोरचा खेळाडू ठरवतो. जजने आपल्या न्यायबुद्धीने ठरवायची गोष्ट नाही ती.

सावधान: गोंधळ वाटला तर लगेच नाव चिकटवू नका. "दोन मिनिटं द्या, मी हेड जजशी बोलून येतो," ह्यात काहीही कमीपणा नाही. टेबलावर चुकीचं नाव मोठ्याने बोलून परत घेणं त्याहून खूप वाईट दिसतं.

## ५. मुद्दाम होतं का?

प्रत्येक कॉलला ह्यावर मनात क्षणभर तरी विचार व्हायला हवा, आणि बहुतेक कॉलला उत्तर नाही असंच येतं.

चीटिंगसाठी आधी एक कृती लागते: नियम मोडणं, टूर्नामेंट ऑफिशियलशी खोटं बोलणं, किंवा आपल्याच मॅचमधली चूक दिसूनही गप्प बसणं. त्यासोबत दोन गोष्टी एकदम हव्यात, त्यातून फायदा मिळवायचा प्रयत्न, आणि आपण करतोय ते चुकीचं आहे हे माहीत असणं. एक जरी नसेल तर चीटिंग नाही. चांगल्या खेळाडूकडून चूक झाली म्हणून ती मुद्दामच असणार, असं उगाच धरू नका, आणि नवखा आहे म्हणून सोडून पण नका देऊ.

शंका खरी वाटत असेल तर एकट्याने तपास करायचा नाही. हेड जजला बोलवा, दोघा खेळाडूंना वेगवेगळं घ्या, टेबलावर कोणीतरी उभं राहू दे. "तू चीटिंग केलंस का?" ह्या प्रश्नाला आजवर कोणी हो म्हटलेलं नाही, त्यामुळे तो विचारण्यात अर्थ नाही. तो टर्न कसा ठरवला, तेव्हा मनात कुठला प्लॅन होता, तो स्पेल अजून एक टर्न थांबवता आला असता का, असं विचारा. खेळाचा विचार खरा असेल तर उत्तरं टेबलाशी जुळतात.

## ६. पेनल्टी

आता. ह्याच्या आधी नाही.

पायऱ्या चारच: वॉर्निंग, गेम लॉस, मॅच लॉस, डिस्क्वालिफिकेशन. खेळातल्या चुकांना बहुतेक वेळा वॉर्निंग. तुम्हाला वाटतंय की चूक फार महागात पडली, समोरचा त्यामुळे हरायला आला, म्हणून गेम लॉस द्यावं, असं चालत नाही. पेनल्टी चुकीच्या प्रकाराला असते, तिच्या परिणामाला नाही.

वाढ होते ती पुनरावृत्तीमुळे. खेळातल्या एकाच प्रकारच्या चुकीची एका दिवसात तिसरी वॉर्निंग गेम लॉस होते. टूर्नामेंट एरर म्हणजे शफल, स्लो प्ले असल्या गोष्टीत दुसऱ्याच वेळी वाढ होते. फेल्युअर टू मेंटेन गेम स्टेट मात्र कधीच वाढत नाही. म्हणून पेनल्टी द्यायच्या आधी आजच्या नोंदी बघणं हे कामच आहे, आळस करून चालत नाही.

खेळाडूने स्वतःची चूक ओळखली, लगेच हात वर करून स्वतःच जजला बोलावलं, आणि त्या चुकीचा फायदा व्हायच्या आधीच, तर हेड जज पेनल्टी खाली आणू शकतो आणि ते नियमाबाहेर जाणं मानलं जात नाही. फिक्स मात्र तरीही नेहमीचाच.

आयपीजीच्या बाहेर जाऊन काही वेगळं करायचा अधिकार फक्त हेड जजला आणि तोही खरोखर अपवादात्मक प्रसंगी, म्हणजे टेबलच कोसळलं, बूस्टर पॅकमध्ये दुसऱ्याच सेटची कार्डं निघाली, असल्या गोष्टी. "मला हे पटत नाही" हा अपवाद होत नाही. आणि समोरच्याने "जाऊ दे, नको पेनल्टी त्याला" म्हटलं तरी त्याने काही बदलत नाही, ते त्याच्या हातात नसतंच. हां, जज यायच्या आधीच किरकोळ चूक दोघांनी समजुतीने मिटवली असेल आणि दोघंही खूश असतील तर तिथे उगाच नाक खुपसायची गरज नाही.

## ७. फिक्स

पेनल्टी आणि फिक्स ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीची भरपाई दुसरीत करायची नाही. चूक करणाऱ्याला जरा तोटा व्हावा म्हणून फिक्स कडक करणं, किंवा वॉर्निंग दिलीच आहे ना, म्हणून फिक्स ढिला सोडणं, दोन्ही सर्रास दिसतं.

हिडन कार्ड एररला. वरचा प्रकार एक घ्या. ज्या गटात जास्तीचं कार्ड आहे तो गट उघडा करायचा. तीन कार्डं अजून बाजूला असतील तर फक्त ती तीन, हातात मिसळली असतील तर पूर्ण हात. समोरचा खेळाडू त्यातलं आधी माहीत नसलेलं एक कार्ड निवडतो, आणि ते लायब्ररीच्या, म्हणजे न काढलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या, यादृच्छिक भागात शफल होतं. वरच्या किंवा खालच्या जागा स्क्राय (वरची कार्डं बघून त्यांची जागा ठरवणं) वगैरेने ठरलेल्या असतील तर ती कार्डं बाजूला काढा, बाकी शफल करा, आणि मग ती परत जिथे होती तिथे ठेवा. जास्तीची कार्डं बघितली गेली तेव्हाही शफल असंच.

गेम रूल व्हायोलेशनला क्रम लक्षात ठेवा, कारण जवळजवळ प्रत्येक वादाचं मूळ तिथे सापडतं.

पहिलं, साधा बॅकअप जमतो का बघा. म्हणजे नुकतीच झालेली किंवा चालू असलेली एकच कृती मागे घेणं, ज्यात रँडम काही नाही. डिव्हिनेशन अजून स्टॅकवर आहे आणि तेवढ्यात लक्षात आलं की लँड दोनच टॅप झाल्यात, तर स्पेल हातात परत, लँड अनटॅप, पुन्हा नीट कास्ट करा किंवा करू नका.

दुसरं, ठरलेले छोटे फिक्स. अनटॅप करायला विसरला आणि अजून तोच टर्न चालू आहे, तर आता अनटॅप करा. कार्ड काढायचं, टाकायचं किंवा हातातून परत ठेवायचं राहिलं, तर आता करा (प्रकार तीन इथे बसतो, राहिलेलं कार्ड काढा, संपलं). एखादं कार्ड चुकीच्या झोनमध्ये आहे, ते कुठलं हे दोघांना माहीत आहे आणि हलवल्याने खेळात फार उलथापालथ होत नाही, तर योग्य झोनमध्ये ठेवा. पाथ टू एक्झाइलचा क्रीचर असाच ग्रेव्हयार्डमधून एक्झाइलमध्ये जातो.

तिसरं, हे दोन्ही बसत नसेल तर हेड जजच्या परवानगीने पूर्ण बॅकअप.

चौथं, तेही बरं दिसत नसेल तर खेळ आहे तसा सोडून द्या. हा पण एक योग्य निर्णय आहे, हरलेपणा नाही.

ह्या यादीत नसलेली एक गोष्ट जवळपास प्रत्येक नवीन जज करून बघतो. प्रकार दोनमध्ये खेळाडूकडे तिसरी लँड अनटॅप पडून आहे, मग "चल आता ती टॅप कर, झालं." सोपं वाटतं, न्याय्य पण वाटतं, पण असा फिक्स पॉलिसीत नाहीच. मधल्या वेळात त्या मोकळ्या लँडमुळे समोरच्याने काही वेगळं ठरवलं असेल तर तुम्ही त्याच्या निर्णयाची जमीनच बदलली.

आता प्रकार दोनचा पूर्ण बॅकअप. समजा अ ने दोन लँडवर डिव्हिनेशन टाकलं, दोन कार्डं काढली, टर्न संपवला. ब ने अनटॅप केलं, कार्ड काढलं, आणि पुढे काही करण्याआधी त्याचं लक्ष गेलं. फीत उलटी फिरवायची, शेवटची कृती आधी. ब च्या हातातलं एक रँडम कार्ड त्याच्या लायब्ररीवर सगळ्यात वर. ब च्या ज्या गोष्टी अनटॅप झाल्या त्या पुन्हा टॅप. मग अ च्या हातातली दोन रँडम कार्डं त्याच्या लायब्ररीवर. डिव्हिनेशन हातात, दोन लँड अनटॅप. इथून अ पुढे खेळणार, आणि ब ला फेल्युअर टू मेंटेन गेम स्टेटची वॉर्निंग कारण मधे भरपूर वेळ होता.

सावधान: बॅकअपमध्ये कार्डं लायब्ररीवर परत जातात आणि शफल होत नाही. हिडन कार्ड एररमध्ये शफल होतं. ही अदलाबदल नेहमी होताना दिसते, हातातल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रँडम म्हणजे खेळाडूचा हात उपडा घेऊन तुम्ही किंवा समोरच्याने निवडायचं, मालकाने नाही.

करावा की नाही? पूर्ण बॅकअप चांगला तेव्हा, जेव्हा मधल्या काळात दोघांना नवीन माहिती फार कमी मिळाली आणि मागे नेल्यावर खेळ त्याच वाटेने जाईल अशी खात्री वाटते. वरच्या प्रसंगात तीन रँडम कार्डं आहेत, काही हेड जज हो म्हणतील, काही सोडून द्या म्हणतील, दोघांकडे कारण असेल. पण ब ने एखादा क्रीचर खेळून हल्ला केला असता आणि अ ने ब्लॉक केलं असतं तर मी तरी परवानगी मागायलाच गेलो नसतो. आणि खेळाडूला कधीही विचारू नका, "मागे नेलं तर तू काय करशील?" उत्तर त्याच्या फायद्याचंच येणार आणि समोरच्याला त्याचा प्लॅन फुकट कळणार.

## ८. सांगणं आणि अपील

निर्णय एका दमात सांगा: चूक काय, पेनल्टी काय, आता टेबलावर काय होणार. कारण एका वाक्यात. भाषण नको, राउंडची वेळ जातेय.

पटलं नाही तर खेळाडू हेड जजकडे अपील करू शकतो, पण तुमचं रूलिंग पूर्ण सांगून झाल्यावरच. अर्ध्यात "अपील!" म्हटलं तर हसून, "पूर्ण ऐका, मग नक्की." अपील झालं की मनाला लावून घेऊ नका. हेड जजला काय घडलं ते सांगा, तुमचं मत तो विचारेल तेव्हा. खेळाडूंसमोर हेड जजशी वाद घालायचा नाही, त्याचा निर्णय अंतिम. आणि अपील पूर्ण होईपर्यंत फिक्स अंमलात आणू नका, कार्डं एकदा हलली की हलली.

तपासा: रूलिंगला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला का? गेला तर तेवढा वेळ मॅचला वाढवून द्या आणि दोघांना तोंडी सांगा, शिवाय जिथे नोंद होते तिथे लिहा. डेक चेक (डेक यादीशी ताडून बघणं) असेल तर लागलेला वेळ अधिक तीन मिनिटं.

## ९. टेबलाबाहेरच्या चुका, थोडक्यात

उशीर: कॉम्पिटिटिव्हला राउंड सुरू झाला आणि खेळाडू जागेवर नाही, गेम लॉस. दहा मिनिटांनंतर मॅच लॉस. घड्याळ काय म्हणतं तेवढंच बघायचं, कारण कितीही खरं असलं तरी.

स्लो प्ले: वॉर्निंग, आणि वेळ संपली तर मॅचला जादाचे दोन टर्न मिळतात, प्रत्येक खेळाडूला एक. हे देण्याआधी "जरा पटापट खेळा" असं एकदा म्हणून बरेच जज मोकळे होतात आणि तिसऱ्यांदा पण तेच म्हणतात. खेळाडू खरंच रेंगाळतोय तर वॉर्निंग द्या, नुसत्या विनंत्या करत बसू नका. मुद्दाम वेळ काढतोय अशी खात्री झाली तर तो स्टॉलिंग, वेगळा गुन्हा आणि थेट डिस्क्वालिफिकेशन.

डेकलिस्ट: यादी आणि नियम जुळत नसतील, म्हणजे कन्स्ट्रक्टेडला (घरून बनवून आणलेल्या डेकच्या टूर्नामेंटला) साठपेक्षा कमी कार्डं किंवा साइडबोर्डला (दोन गेमच्या मधे बदलायची जादा कार्डं) पंधरापेक्षा जास्त, तर गेम लॉस. मॅच सुरू व्हायच्या आधी गेम लॉस लागलं की त्या मॅचच्या पहिल्या खेळल्या जाणाऱ्या गेमला दोघांपैकी कोणीही साइडबोर्ड वापरायचा नाही. हे सांगायला विसरतात आणि खेळाडू निवांत कार्डं बदलत बसलेले असतात. दोघांना एकाच वेळी गेम लॉस लागलं तर नोंद दोघांची होते, स्कोअर मात्र बदलत नाही.

मार्क्ड कार्ड्स: फाटलेले, घाण झालेले स्लीव्ह म्हणजे साधारण वॉर्निंग आणि बदलायला लावा. पण खुणा नेमक्या एकाच प्रकारच्या कार्डांवर असतील, सगळ्या लँडवरच किंवा सगळ्या महत्त्वाच्या कार्डांवरच, तर लगेच हेड जजला बोलवा. डेक मिटवून, खेळाडूला न देता.

## १०. नोंद

पेनल्टी तोंडी दिली आणि लिहिली नाही तर वरची पुनरावृत्तीची मोजणी कोलमडते, पुढच्या राउंडचा जज ती पहिलीच समजून बसतो. खेळाडूचं नाव, राउंड, टेबल, चुकीचं अधिकृत नाव, पेनल्टी, आणि दोन ओळी काय घडलं. "जीआरव्ही, स्पेल चुकीचा" (जीआरव्ही म्हणजे गेम रूल व्हायोलेशन) असं लिहून उपयोग नाही. "डिव्हिनेशन दोन लँडवर कास्ट केलं, पुढच्या टर्नला लक्षात आलं, बॅकअप केला, हेड जजची परवानगी" असं लिहा. दिवसभरात हेड जजला प्रत्येक टेबलावर जाता येत नाही, तो ह्या दोन ओळींवरून ठरवतो.

डिस्क्वालिफिकेशनची नोंद वेगळ्या वजनाची. ती फक्त हेड जज देतो. खेळाडूकडून, समोरच्याकडून आणि ज्यांनी बघितलं त्यांच्याकडून लेखी निवेदन घ्या, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत, तुम्ही सुचवायचं काही नाही. खेळाडूला लिहायचंच नसेल तर जबरदस्ती नको, नकार दिला एवढं नोंदवा. तुमचं निवेदन त्याच दिवशी लिहा, आणि त्यात तुम्ही स्वतः बघितलेलं एका परिच्छेदात आणि दुसऱ्याने सांगितलेलं वेगळ्या परिच्छेदात ठेवा.